राहिलेले पंधरा आकडे

ताई,

औषध देण्याआधी नळीचं तोंड पंधरा आकडे होईपर्यंत स्पिरिटनं घासायचं, हे तूच शिकवलंस. आपल्या वॉर्डातली ती सहा वर्षांची पोर आकडे मोठ्यानं म्हणायची. त्या दिवशी तू न घासताच तिच्या छातीतल्या नळीला सिरिंज लावलीस.

"सिस्टर, आकडे राहिले."

"गप्प बस गं."

तिसऱ्या दिवशी पोर तापानं फणफणली, जंतू रक्तात गेले. चौकशीत तू खुशाल पोरीच्या आईवर ढकललंस, आंघोळीत नळी भिजवली म्हणून. मीही मान डोलावली. ती बिचारी माझीच माफी मागत राहिली.

हे पत्र टाकणार नाही. तेवढी छाती असती तर तेव्हाच बोलले असते.

नवी नळी घातलीय. पोर आता तीसपर्यंत मोजते, मी मुकाट घासते. पहिले पंधरा तुझे राहिलेले, असं पोर म्हणते.

दुर्दैवानं सख्खी,
धाकटी