धुण्याचा दगड आणि शिडाची झोळी

आमच्या पडवीत राहणाऱ्या कप्तानाला माती दिली त्या दिवशी दफनभूमीच्या फाटकापाशी मला विचारलं, तुमचं नातं काय. त्याआधी दवाखान्यातही हेच विचारून मला दाराबाहेर बसवलं होतं. हे मी नातीला आधी लिहायला लावलं. घरादाराचं आता.

मी, बनुबाई श्रीमंत घोलप, वय ७९, धंदा शेती, लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, गुडघे तेवढे नाहीत. शिक्षण तिसरी. मी सांगते, नात पूजा लिहिते.

१. राहतं घर व नदीकडचं वावर मुलगा सुनील याला. पुणं सोडून तो इथे राहणार नाही. विकायचं तर एकदा झाडून विकावं.

२. बँकेतली ठेव पूजाला. पाटल्या सूनबाई अश्विनीला. माझ्या हयातीतच मागून झाल्यात, म्हणजे पसंत असाव्यात.

३. शिडाची झोळी. मोझेस साळवे आमच्या पडवीतल्या खोलीत भाड्याने राहायचा. शिडाच्या जहाजावरचा कप्तान, रत्नागिरीहून आखातापर्यंत माल नेलेला. म्हातारपणी गावी परतला तर घर भाऊबंदांनी वाटून घेतलेलं. आमचे मालक, सुनीलचे वडील, लकव्याने पडले तेव्हा त्याने जुन्या शिडाच्या कापडाची झोळी शिवली आणि रोज सकाळी तिच्यात घालून त्यांना ओट्यावर आणलं. दुसरं टोक मी धरायची. मालक विचारायचे, "कप्तान, आज कंच्या बंदराला?" तो म्हणायचा, "ओट्याला. वारा पडलाय, दमानं जाऊ." मालक जाईपर्यंत हे चाललं. गाव काय बोललं ते मला ठाऊक आहे, उचलायला त्यातलं कोणी आलं नाही. सुनील दिवाळीला यायचा. झोळी सुनीलला.

४. धुण्याचा दगड. मोरीजवळचा काळा. संध्याकाळी कप्तान त्यावर बसायचा, भंडारदऱ्याच्या धरणाचं पाणी सुटलं की नदीकडे तोंड करून. त्याची कबर कच्ची आहे. दफनभूमीत जागा कमी, कच्च्या कबरीत काही वर्षांनी दुसरा माणूस ठेवतात. पक्की बांधायची तर नातेवाइकाची सही लागते. त्याचा पुतण्या डॅनी फोनवर म्हणतो, "बघू आजी." दोन पावसाळे तो बघतोय, इकडे माती बसत चालली. चर्चच्या कमिटीकडे मी गेले, शेजारच्या भागूबाईला पाठवलं, सही आणा म्हणाले. कबरींच्या सणाला मेणबत्ती लावायचे, यंदा गुडघ्यांनी तेही होऊ दिलं नाही. माझ्याच्याने आता काही होत नाही. म्हणून हा दगड कोणाच्या वाट्याला नाही. मी गेल्यावर तो कप्तानाच्या उशाशी ठेवावा. बहुतेक काढून टाकतील. टाकला तर परत ठेवावा.

वर लिहिलेलं पूजाने वाचून दाखवलं, मी ऐकलं, कोणी बळजबरी केलेली नाही.

साक्षीदार: गोरक्षनाथ बबन तांबे (सही), एलिझाबेथ डॅनियल पारखे (सही)
बनुबाई श्रीमंत घोलप (सही)
कोल्हार बुद्रुक, ता. राहाता, जि. अहिल्यानगर
१८ नोव्हेंबर २०२५

सह्यांनंतर सांगितलेलं, हेही धरावं: दगड घेऊन गेलात की फाटकापाशी विचारतील, नातं काय. पूजाला पुढे करू नये. टेम्पोवाल्याला बोलू देऊ नये. बाप ज्याचा झोळीत उचलला गेला त्याने, म्हणजे सुनीलने, उत्तर द्यायचं.