दोन, तीन, पाच आणि बास

३ जून
गणित विभागाचं प्रमुखपद नव्या बाईंना मिळालं. बावीस वर्षं मी या शाळेत खडू झिजवतोय, आणि या बाई माझ्याच वर्गात तिसऱ्या बाकावर बसायच्या. मुख्याध्यापिका म्हणाल्या, तुमच्या अनुभवाचा आम्हाला आदर आहेच. आदर घेऊन काय करू? अभिनंदन केलं. हसलोसुद्धा. जळफळाट अजिबात नाही.

९ जून
ठरलं. स्वतःची पद्धत काढायची. मूळ संख्या ओळखायची म्हटलं की मुलं भागाकार करत बसतात. माझी पद्धत : दोन, तीन, पाच यांनी भाग जात नाही ना? मग मूळ. बास. सातपासून सत्तेचाळीसपर्यंत तपासलं, एकदाही चुकली नाही.

१० जून, सकाळी
एकोणपन्नास. सात साते. अपवाद धरू. वर्गसंख्यांचं वेगळंच असतं.

दुपारी
सत्त्याहत्तर. तीही अपवाद. अकराच्या पाढ्यात उघडी दिसते, तिला पद्धत कशाला?

१८ जून
लेकीला शिकवली. यंदा ती स्कॉलरशिपला बसतेय. शांतपणे ऐकून घेतलं, मग विचारलं, सातनं का नाही बघायचं? म्हटलं, मोठी झालीस की कळेल. बायकोनं पातेलं जरा जोरात ठेवलं.

२ जुलै
नव्या बाईंनी स्टाफरूममध्ये गाठलं. म्हणाल्या, "सर, वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं, हे मला तुम्हीच शिकवलंत." म्हटलं, जुनं झालं ते. मत्सर, दुसरं काय! शनिवारच्या पालकसभेत वीस मिनिटं मागून घेतली.

६ जुलै
हॉल भरलेला. म्हटलं, शंभराच्या आतली कुठलीही संख्या सांगा. मागून एकजण म्हणाला, एक्क्याण्णव. दोननं नाही, तीननं नाही, पाचनं नाही. फळ्यावर ठळक लिहिलं : मूळ. टाळ्यांसाठी थांबलो.

तो गृहस्थ उठून उभा राहिला. फरशी बसवायचं काम करतो म्हणे. "सर, राग मानू नका. कालच तुमच्या शाळेच्या ऑफिसात एक्क्याण्णव फरश्या बसवल्या. सात ओळी, तेरा-तेराच्या. एकही कापावी लागली नाही."

 सगळे हसले. मुख्याध्यापिकांनी माझ्यासाठी पाणी मागवलं. मला तहान नव्हती. लेक दाराशी उभी होती. ती हसली नाही, खाली बघत राहिली.

८ जुलै
सहावीचं गणित माझ्याकडून काढून घेतलं. लायब्ररी दिली. बरंच झालं, वाचन वाढेल. एक्क्याण्णव अपवादांत टाकली.

२० सप्टेंबर
लेक स्कॉलरशिप पास! गणितात पैकीच्या पैकी. शिपायापासून मुख्याध्यापिकांपर्यंत सगळ्यांना सांगितलं की पद्धत माझी. घरी येऊन तिची प्रश्नपत्रिका बघितली. शंभर ते एकशेवीसमध्ये मूळ संख्या किती? माझ्या पद्धतीनं सहा. तिनं पेन्सिलीनं पाच लिहिलेत. म्हणजे तपासणाऱ्याची चूक. लेकीचा फायदा झाला, म्हणून तक्रार करणार नाही.

२१ सप्टेंबर
बायकोला ही चूक दाखवली. भाजी चिरता चिरता ती म्हणाली, एकशे एकोणीस म्हणजे सतरा साते, चूक तुमची. हिला गणित कधीपासून येतं? लेक रोज घोकायची, ते ऐकून म्हणे. आणि मग सगळंच सांगितलं. लेक जूनपासून रोज संध्याकाळी नव्या बाईंकडे शिकायला जात होती. मला सांगायची, मैत्रिणीकडे चालले.

मला का नाही सांगितलं, असं विचारलं. ती म्हणाली, "पोरीनंच बजावलं होतं. बाबांना कळू देऊ नकोस, त्यांना वाईट वाटेल."

वाईट कसलं वाटायचंय! जेवलो मात्र नाही.

२३ सप्टेंबर
नव्या बाईंचे आभार मानायचं ठरवून शाळेत गेलो. दुपारी त्या स्वतःच लायब्ररीत आल्या, सर आहेत का विचारत. मी शेवटच्या कपाटामागे धूळ झटकत होतो. त्या जाईपर्यंत झटकत राहिलो.