रियाल चढला तेव्हा

मस्कत, १८ नोव्हेंबर २०१८

चि. दक्षा,

दादाचा आशीर्वाद. मी बरा आहे, खोलीत एसी आहे, जेवण वेळेवर मिळतं. एवढंच आईला वाचून दाखव. फोनवर ती कान लावून बसते, म्हणून सुट्टीवर निघालेल्या नविनच्या हाती हे पत्र देतोय.

मोबाईलवर वर्षभराचे रियालचे भाव काढून आईला दाखवायला कोणी सांगितलं होतं तुला? मी तिला सांगत होतो, भाव पडलाय, चढला की पैसे पाठवतो. आणि तू दाखवलंस, जानेवारीत एकशे पासष्ट रुपयांचा रियाल ऑक्टोबरात एकशे नव्वदच्या वर गेला. आता ती विचारते, अजून किती चढायला हवाय तुला?

काय सांगू? ऑगस्टपासून कंपनीने पगारच दिलेला नाही. विचारलं की म्हणतात, पुढच्या आठवड्यात. भाव चढून मला काय उपयोग?

आशागडला थंडी पडली का? भात झोडून झालं? आईचा गुडघा कसा आहे?

तिला सांग, तू चुकून दुसऱ्याच देशाचे भाव काढले होतेस. तुझी चूक ती दोन दिवसांत विसरेल. माझं खरं कळलं, तर जेवायची नाही.

तुझा वैतागलेला,
तुषारदादा