उलट्या फिरकीचं झाकण

१२ जानेवारी

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद आधी, बाकीचं मागून. इकडे सगळं बरं आहे. माझा गुडघा कुरकुरतो, तुझी वहिनी माझ्यावर कुरकुरते, एकूण घर जागेवर आहे.

दोन-तीन वर्षांपूर्वी तू म्हणालास, "दादा, आपल्या फिनेलची विक्री वाढतेय. आता कारखान्यात डोकं घालू नका, आराम करा." ऐकून मी हुरळलो.

पण आराम अंगी लागेना. मग कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याकडे गप्पा मारायला जाऊ लागलो. शहरभरच्या रिकाम्या बाटल्या तिथे येतात. चाळा म्हणून मी आपल्या वेगळ्या काढायचो. सुरुवातीला फिनेलच्या दहा बाटल्यांत सहा आपल्या निघायच्या, आता जेमतेम तीन. विक्री वाढली हे तुझं खरंच होतं रे. पण नव्या वसाहती झाल्या, पुसायच्या फरशा दुपटीहून जास्त झाल्या. आपण चालत होतो, बाजार धावत होता. त्यातला आपला वाटा निम्मा झाला आणि मी विक्रीवर खूश.

बाकीच्या बहुतेक बाटल्या एकाच नव्या हिरव्या लेबलाच्या. कोण हा पठ्ठ्या, म्हणून एक उचलली. माझ्या डाव्या हातात झाकण चटकन उघडलं.

आपलं झाकण उलटं फिरतं. मी डावखुरा, साचा स्वतःच्या हाताच्या सोयीने केला. तूच चिडवायचास, "गिऱ्हाईक आधी शिव्या घालतं, मग फरशी पुसतं." असला उपद्व्याप दुसरा कुणी मुद्दाम करणार नाही. आणि साच्याच्या खोलीची किल्ली तुझ्याकडे असते.

भंगारवाला म्हणाला, "काका, ही हिरवीपण तुमचीच ना? झाकण तसलंच आहे."

"घरचीच आहे," म्हणालो आणि बाटली पिशवीत टाकून घरी आणली.

वेगळं व्हायचं होतं तर मागायचंस. साचा मी स्वतः तुझ्या दारात आणून ठेवला असता. तू मात्र वाढत्या विक्रीचा खुळखुळा हातात देऊन मला कोपऱ्यात बसवलंस.

रविवारी तू कारखाना तुझ्या नावावर करायचे कागद घेऊन येणार आहेस. ये. वहिनी तुझ्या आवडीचं करणार आहे, तिला मी काही बोललेलो नाही. सही मात्र मी करणार नाही. टेबलावर हिरवी बाटली ठेवलेली असेल, ती माझ्यासमोर उघड. झाकण कोणत्या बाजूला फिरवायचं, हे तुझा हात विसरला नसेल.

तुझ्या वाट्याला आलेला,
दादा