जीपला दुसरा फिल्टर

२ एप्रिल
मामा आले. जयंती कमिटीचे अध्यक्ष म्हणून, आईचे भाऊ म्हणून नाही. चहा उभ्यानेच घेतला. "यंदा बंद पडली तर पुढल्या साली प्रतिमा ट्रॉलीवर. पोरं मागं लागल्यात. म्या तरी किती थोपवू?"
वडील होते तोवर दरवर्षी प्रतिमा आमच्याच जीपवर. मागच्या वर्षी पहिल्यांदा मी चालवली आणि भर बाजारपेठेत बंद पडली. विहारापर्यंत ढकलत आणली. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "अरे, बैल जुंपा!" ते अजून कानात आहे.

३ एप्रिल
कार्बोरेटर उघडला. जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सुटतं त्या बारीक भोकात, तांबडी पूड. टाकी आतून गंजली आहे. टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाच्या काचेच्या वाटीत मूळची जाळी आहे, पण ही पूड तिच्यातून सहज जाते. मग पाइपात आणखी एक फिल्टर लावायचा का?
स्टँडमागचे मेकॅनिक आप्पा म्हणाले, "ते प्लॅस्टिकचं खूळ नव्या गाड्यांचं. जुन्या गाडीला जेवढे जोड जास्त, तेवढी कटकट. टाकी धू आन् गप बस."
टाकी धुतल्यावर गंज परत येतो का? विचारायचं राहिलं. खरं तर धीर झाला नाही.

५ एप्रिल, रविवार
टाकी घेऊन दौंडला. पेट्रोलच्या वासावरून कंडक्टरने न्हावऱ्यात उतरवलं, पुढे टेम्पो. रेडिएटर-टाकीवाले चाचा वडिलांच्या ओळखीचे. धुऊन, खडी घालून, हलवून दिली. "बेटा, गंज फिर आएगा. फिल्टर लगाव. सोच मत इतना." स्वतःकडचा एक हातात ठेवला.
दोघेही वडिलांचे मित्र. एकाचं ऐकलं की दुसरा खोटा.

७ एप्रिल
फि. (फिल्टर) लावला. पंप आणि कार्बोरेटरच्या मध्ये, तिथे पाइप सरळ होता. गळती नाही. परत परत पाहिलं. नाही.

९ एप्रिल
रजा टाकून दौंडपर्यंत जाऊन आलो. एक झटका नाही. येताना गाणं म्हणत होतो. मामांना फोन करून टाकला, "मामा, पक्की झाली."
जेवताना आई म्हणाली, "पळाली व्हय? पण मिरवणुकीत कुठं पळायचंय तिला?"
घास हातातच राहिला.

१० एप्रिल
भर उन्हात चाचणी, चालण्याच्या वेगाने. वेग धरायला आई पुढे चालली, मी मागून पहिल्या गिअरमध्ये. शेजारच्या काकू दारातून, "अगं, ल्योक तुला धरून न्हेतोय का काय?" आई म्हणाली, "सून आणायला चाललोय. तू बी चल, करवली हो!" सगळी आळी हसली.
पाण्याच्या टाकीपाशी इंजिनने आचके दिले. बंद. बॉनेट उघडलं तर फि. मध्ये पेट्रोल उकळत होतं. बुडबुडे दिसत होते. खाली सायलेन्सरचा तापलेला पाइप, बरोबर वर फि. तिथे मीच लावलेला.

११ एप्रिल
फि. काढला. परत आई पुढे, मी मागे. बंद पडली नाही. मनात आप्पांची माफी मागितली.
घरी येऊन जेट उघडला. तांबडं. थोडंच. थोडंच म्हणजे किती?
लावला तर उकळतं. काढला तर गंज. मामांना सांगून टाकावं, ट्रॉलीच ठरवा. आईपाशी बोललो. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली, परत थापू लागली.  

१२ एप्रिल
फि. खाली टाकीजवळ लावला, तापलेल्या पाइपापासून लांब. चाचांना फोनवर सांगितलं. "अच्छा है. पर वहां पंप को खींचना पडेंगा. देख ले."
पंप जुना आहे. काय देखू?

१३ एप्रिल
कंपनीत रजा मिळाली नाही, उलट ओव्हरटाइम. चाचणी झालीच नाही. उद्या मिरवणुकीत तशीच जाणार.

१५ एप्रिल
काल लिहिता आलं नाही.
चौकात बंद पडली. नेमकं तेव्हा पुढे लेझीम रंगलं होतं, सगळी मिरवणूक जागेवर उभी. डीजेच्या आवाजात इंजिन चालू की बंद हे कोणाला कळणार? मला पायाखाली कळलं. बॉनेट उघडलं नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत राहिलो. मामा जवळ येऊन म्हणाले, "केवढा घाम आलाय! डोक्याला रुमाल बांध की."
लेझीम पुढे सरकलं. किल्ली फिरवली. नाही. परत फिरवली. लागली.
विहारापाशी मामांनी सगळ्यांसमोर मिठी मारली. "एकदाबी थांबली न्हाई! ट्रॉलीचं नाव काढायचं न्हाई आता कुणी." आई डोळे पुसत होती. मग मामा म्हणाले, "वडगाव रासाईवाल्यांनी बी मागितलीय, त्यांच्या मिरवणुकीला. येत्या रविवारी. म्या व्हय म्हणलं."

१६ एप्रिल
फि. काढून उजेडात धरला. तळाला तांबडी पूड. म्हणजे कामाचा आहे. मग बंद का पडली? पंपाला ओढवेना म्हणून? नुसत्या उन्हाने? फि. नसता तर पडली नसती, की आधीच पडली असती?
खरं सांगायला मामांच्या दारापर्यंत गेलो. आत नातवाला सांगत होते, "अशी गाडी तालुक्यात न्हाई." तसाच परतलो.
आप्पांना विचारायला गेलो तर चौकातलं सांगावं लागेल. चाचांनाही.
फि. पुसून ठेवला आहे. क्लिपा शेजारी. पाइपाचं तोंड फडक्याने बंद केलंय. परवा शनिवार, लावायचा की नाही ते तोवर ठरवायचं.