नवीच पानं पिवळी

८ नोव्हें., शनि.
तारापूरच्या ऑफिसने आमच्याकडून घेतलेल्या पीस लिलीच्या कुंड्या परत पाठवल्या. सगळ्या. पिवळ्या पडल्यात म्हणे. ह्यांनी केमिकल कंपनी सोडून बेटेगावात नर्सरी घातली ती माझ्या हट्टापायी. ह्यांचा तिथला खोकला आत्ता कुठे थांबलाय. संध्याकाळी हे म्हणाले, "कंपनीचा ठेकेदार परत बोलावतोय. २४ पर्यंत कळव म्हणतो. मी आपला..." पुढचं मी ऐकलंच नाही, उठून आत गेले.

९ नोव्हें.
इथल्या कुंड्याही तशाच, त्यांना पंधरा दिवसांपूर्वीच युरिया घालून झाला, उपयोग शून्य. डोकं फिरलंय. नायट्रोजन कमी असता तर खालची जुनी पानं आधी पिवळी झाली असती. इथे जुनी हिरवीगार, नवीच पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. म्हणजे लोह कमी. पण माती मीच कालवली होती, लोह घालून. मग गेलं कुठे?

११ नोव्हें.
एक कुंडी उपडी केली. मातीत पांढरी भुकटी. शिंपल्यांची पूड!
सासूबाई. शिरगावला माहेरी माडांना घालतात म्हणून इथेही, रोज मूठ मूठ, कुणाला न सांगता. या चुन्याने लोह मातीतच अडकून बसतं, मुळांना मिळत नाही.
म्हणाल्या, "तुमी दोघं दिसभर राबता, मी नुसती बसून काय करू?"
मला तोंड आवरलं नाही. "मुलाला परत त्या केमिकलच्या वासात पाठवायचंय का तुम्हाला?"
त्या जेवल्या नाहीत. ह्यांना सांगितलेलं नाही. राग जात नाही, आणि वाईटही वाटतंय.

१२ नोव्हें.
सगळ्या कुंड्यांची माती बदलली. सासूबाई शेजारी बसून मुळं धूत होत्या. लोहाची फवारणी केली. आता नवं पान कसं येतं ते बघायचं. सारखी जाऊन बघते, वेड लागायची पाळी.

२४ नोव्हें., सोम.
पहिलं नवं पान. सुरळी अर्धीच सुटलीये. टोक फिकट, आतलं काही दिसत नाही.
हे म्हणाले, "बस झालं आता," आणि ठेकेदाराला कळवायला फोन हातात घेतला. सासूबाई आल्या, फोन काढून घेतला. "झाडं मी बिघडवली. हिची चूक नाय. पान उघडू दे, मग काय ते ठरव."
हे माझ्याकडे वळले. मी कुंडी उजेडात सरकवली.
फोन अजून सासूबाईंच्या ओच्यात आहे. दोनदा वाजला.