राजपुत्राला मेंढपाळ हवाच

जामखेड, सोमवार संध्याकाळ

माझ्या कादंबरीतला राजपुत्र आईला आवडला, असं काल लिहिलं. ते चुकलं. "हा भीतच न्हाई गं," हे तिचं बोलणं मी कौतुक समजले. पहिला खर्डाही तिनं वाचला होता; आज विचारलं, "आन् तो भित्रा मेंढपाळ कुठं गेला?" मला घरीच वाचायला शिकवलं तिनं, तिच्यापासून काय लपणार?

नायक एकच ठेवा, असं संपादक म्हणाले, म्हणून मी मेंढपाळाला काढून टाकलं. पण राक्षसाच्या दारात तो थरथरतो, तेव्हाच तर राजपुत्राचं धाडस कळतं. आणि राजपुत्र नसता तर मेंढपाळानं गावाची वेससुद्धा ओलांडली नसती. ते थरथरणं मी का पुसलं?

दोघांना ठेवलं आणि संपादकांनी पुस्तकच नाकारलं तर, असं मी आईला विचारलं. आई हसली. "तुझ्यापरीस मेंढपाळ धीट हाय. थरथरत का हुईना, दारापत्तर गेला."

दोघेही राहतील, हे संपादकांना फोनवर सांगणार आहे, येत्या बुधवारी.